जुनं आउटबोर्ड इंजिन भर पाण्यात दम सोडतं तेव्हा: उजनीवरच्या बोटींसाठी तपासणी

तक्रार बहुतेक वेळा त्याच शब्दांत येते. काठावर इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होतं, स्लो रेसवर छान चालतं, बोट सुटली की पाच-दहा मिनिटं जोरात पळतेही. मग भर पाण्यात आवाज जड होतो, बोट बसते, आणि रेस कितीही पिळली तरी वेग वाढत नाही. बंद करून थोडा वेळ थांबलं की गडी पुन्हा तयार. "ओ मिस्त्री, कार्बोरेटर परवाच धुऊन नेला की ओ, परत तेच चालू झालंय!" हे वाक्य जुनं आउटबोर्ड बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी येतंच.

मी इथे बोलतोय ती 1970 आणि 1980 च्या दशकांतली, 8 ते 25 हॉर्सपॉवरची, दोन सिलेंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायची इंजिनं. इव्हिनरूड, जॉन्सन, जुनी यामाहा, जुनी सुझुकी, कंपनी कुठलीही असो, रचना जवळजवळ सारखीच. वजनाला हलकी, दोरीने सुरू होणारी, एका माणसाला खांद्यावर टाकून नेता येतील अशी. जोर जाण्याची त्यांची कारणंही मोजकीच आहेत, आणि त्यातली बहुतेक घरच्या अवजारांनी शोधता येतात. माझा आग्रह एकच आहे: जोर जातो त्या क्षणी, तिथेच पाण्यावर, इंजिन गरम असतानाच बघा. घरी आणून थंड झालेलं इंजिन खोललं की पुरावा निघून गेलेला असतो. मग हाताशी सोपा म्हणून कार्बोरेटर खोलला जातो, आणि दोष होता तिथेच राहतो.

तपासणीला निघताना दोघांनी निघा, सकाळच्या शांत पाण्यात, काठ धरून. अंगात लाइफ जॅकेट, बोटीत वल्ही. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जणांचा जीव गेला. तिथे घात वाऱ्याने केला. पण वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वारा उठला की काठ गाठायला लागणारा जोर इंजिनात असायलाच हवा, म्हणून हा विषय मला गैरसोयीपुरता वाटत नाही.

किती जोर जाणं साहजिक आहे

उजनीचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. त्यावर एप्रिल-मेचं 42-43 अंशांचं ऊन धरलं तर आणखी पाच-सहा टक्के जातात. म्हणजे मालवणात किंवा अलिबागला 15 हॉर्सपॉवर देणारं इंजिन करमाळ्याच्या बाजूला मे महिन्याच्या दुपारी साडेतेराच्या आसपास देणार. कोकणातून सेकंड हँड इंजिन आणल्यावर "तिकडं जास्त पळत होतं" असं वाटतं, त्यात इतकं तथ्य आहे. हा जोर सुरुवातीपासूनच कमी असतो आणि दिवसभर तसाच राहतो. दहा मिनिटं पूर्ण ताकद आणि मग अचानक निम्मी, हे हवेमुळे होत नाही.

एक सवय लावून घ्या. इंजिन नीट असेल तेव्हा, वारा नसताना, ठरलेल्या दोन माणसांच्या वजनावर, मोबाइलच्या जीपीएसवर पूर्ण रेसचा वेग बघून लिहून ठेवा. हा आकडा हाताशी असला की पुढे अंदाजाने बोलावं लागत नाही.

आणि पिंपात इंजिन चालवून "नीट आहे" असा निकाल देऊ नका. 200 लिटरच्या पिंपात पंख्याला खरा भारच मिळत नाही, पाणी बघता बघता तापतं, धुराचे बुडबुडे पुन्हा इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपात जातात. पिंप फक्त दोन गोष्टींसाठी: इंजिन सुरू होतं का, आणि पाण्याची धार पडते का.

आधी कान द्या: आवाज चढला की पडला?

वेग कमी झाला त्या क्षणी इंजिनचे फेरे वाढले असतील, म्हणजे ते किंचाळायला लागलं आणि बोट मात्र मागे पडली, तर इंजिनात काहीच बिघडलेलं नाही. पंख्याच्या मधल्या बुशिंगचं रबर सुटलंय. उजनीत बुडालेल्या वेड्या बाभळींचे खुंट जागोजागी आहेत. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्या पातळीत, गेलं की ते पाण्याच्या अगदी वरच्या थरात येतात आणि एका धडकेत हे रबर ढिलं होतं. कमी रेसला ते पकडून ठेवतं, भार वाढला की सरकतं. खात्री करायला पंखा काढा, आतल्या पितळी बुशपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, परत बसवून पूर्ण रेसवर एक फेरी मारा. रेघ तुटलेली दिसली तर पंख्याला नवं बुशिंग लागणार.

पंखा उघडाच आहे तर शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला आहे का तेही बघा. हा दोरा आतलं ऑइल सील कापतो आणि गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू किंचित ढिला करून ऑइल बघा. ताकासारखं पांढरट निघालं तर पाणी गेलेलं आहे, सील बदलल्याशिवाय इंजिन वापरू नका.

आवाज चढण्याऐवजी पडला असेल, इंजिन दबल्यासारखं, गुदमरल्यासारखं चालत असेल, तर पुढे वाचा.

फुग्याची परीक्षा

टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो, त्याला प्रायमर बल्ब म्हणतात. निदानासाठी यापेक्षा चांगलं अवजार नाही आणि ते आधीच बोटीत आहे. जोर गेला की हँडल धरणाऱ्याने रेस तशीच ठेवायची आणि दुसऱ्याने लगेच फुगा हातात घ्यायचा.

फुगा चपटा झालेला असेल, दोन बाजू आत ओढल्या गेल्या असतील, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे आहे, टाकीच्या बाजूला. सर्वांत आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असेल किंवा त्यात धूळ बसली असेल तर पेट्रोल उपसलं जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. दहा मिनिटं चालून बंद पडणाऱ्या इंजिनात हे कारण इतक्यांदा निघतं की झाकण ढिलं करून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. झाकण सैल केल्यावर जोर परत आला तर काम झालं. नाही आला तर टाकीतल्या उभ्या नळीच्या टोकाची जाळी काढून बघा, तिथे गंज आणि गाळ साचतो.

फुगा चपटा नाही, पण मऊ आहे, आणि दोन-तीनदा दाबल्यावर इंजिन उसळी मारून परत पळायला लागतं? मग पेट्रोल कमी पडतंय आणि तुमचा हात पंपाचं काम करतोय. दोष एकतर इंजिनवरच्या फ्युएल पंपाच्या पडद्यात आहे, किंवा कुठूनतरी नळी हवा घेतेय. दोन्हींत फरक करायला इंजिनच्या अगदी जवळ वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. बुडबुडे दिसले तर हवा शिरतेय. बहुधा नळीच्या टोकाच्या कनेक्टरमधली ओ-रिंग झिजलेली असते. ही गळती बाहेर पेट्रोल टपकवत नाही, फक्त हवा आत ओढते, म्हणून डोळ्याला दिसत नाही. बुडबुडे नसतील तर पंप खोला. आतला पडदा कडक झालेला, वळलेला किंवा बारीक चिरलेला सापडेल. हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर चालतो. पडदा फाटला तर कच्चं पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं आणि एकाच सिलेंडरचा प्लग काळा, ओला राहतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ज्यांच्याकडे व्हॅक्यूम गेज आहे त्यांनी इंजिनजवळ नळीत टी जोडून पूर्ण रेसला खेच मोजावी. ती पाऱ्याच्या 4 इंचांपेक्षा जास्त असेल तर टाकी ते पंप या वाटेत कुठेतरी अडलंय. फुगा जाड रबराचा असेल तर तो चपटा न होताही इतकी खेच बसू शकते, म्हणून गेज असलेलं बरं.

फुगा टणक आहे, भरलेला आहे, दाबूनही काही फरक नाही, पण चोक अर्धा ओढल्यावर जोर सुधारतो, असं झालं तरच कार्बोरेटरच्या मोठ्या जेटकडे, म्हणजे जोराच्या रेसला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राकडे, बोट दाखवा. स्लो रेसचं जेट वेगळं असतं, म्हणून काठावर इंजिन छान वाटतं. आणि चोकनेही फरक नसेल तर पेट्रोलचा नाद सोडा, गरमी आणि स्पार्ककडे वळा.

कार्बोरेटर धुतल्यावर आठवडाभर बरं आणि पुन्हा तेच, का?

या प्रश्नाशी मला सगळ्यांत जास्त वेळ थांबायचं आहे, कारण लोकांचा पैसा इथेच वाया जातो.

मोठ्या जेटमध्ये अडकलेला काळा कण चिमटीत घेऊन कागदावर चोळा. काळी रेघ उमटली, तर ते रबर आहे. ते टाकीतून आलेलं नाही. नळी, फुगा आणि पंपाचा पडदा आतून सुटतोय. कार्बोरेटर धुतला की जेट मोकळं होतं, आणि नळी पुन्हा नवे कण पाठवायला मोकळी असते. नळी बदलल्याशिवाय हा फेरा थांबत नाही.

ही इंजिनं बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. तेव्हाचं रबर त्यासाठी बनवलेलंच नाही. आपल्याकडे मिश्रणाचं प्रमाण 2022 साली 10 टक्क्यांपर्यंत आलं आणि 2025 पासून पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. सोलापूर जिल्हा उसाचा, साखर कारखान्यांचा. उजनीच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या उसातून हे इथेनॉल तयार होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. जुन्या इंजिनच्या मालकाने मात्र त्याप्रमाणे नळ्या बदलल्या पाहिजेत.

पेट्रोलमध्ये खरंच किती इथेनॉल आहे हे घरी बघता येतं. खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीत 10 मिलिलिटर पाणी घ्या, वर 90 मिलिलिटर पेट्रोल ओता, बूच लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर 10 वरून 28 च्या आसपास आला तर ते ई20 आहे. हे उघड्यावर करा, जवळपास विडी-काडी नको, आणि ते पेट्रोल नंतर इंजिनात टाकू नका.

हाच गुण टाकीतही त्रास देतो. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिना-दोन महिने पडून राहिली की हवेतला ओलावा इथेनॉल ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर करतात. टू-स्ट्रोकसाठी हे फार घातक आहे, कारण मिसळलेलं ऑइल बरंचसं वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि टाकीची नळी तळाचंच ओढते. इंजिन सुरू होतं, कसंबसं चालतं, आणि पिस्टनला ऑइल मात्र पोचत नाही. पडून राहिलेलं पेट्रोल बोटीत वापरू नका. काचेच्या बाटलीत काढून बघा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून पुसूनच पुन्हा भरा.

मग जेट मोठं करायचं का? हा सल्ला हल्ली सगळीकडे ऐकू येतो. ई20 ला साध्या पेट्रोलपेक्षा साधारण 8 टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून त्याच जेटवर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, हे खरं. पण इथली उंची आणि ऊन उलट्या दिशेने काम करतात: विरळ हवेत तेच जेट मिश्रण थोडं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, करतं. उन्हाळ्यात दोन्ही बरंचसं एकमेकांना कापतं. लीनपणा जाणवतो तो डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी, जेव्हा फ्लेमिंगो बघायला आलेल्या लोकांना घेऊन बोटी निघतात. म्हणून आधी नळ्या बदला, कण थांबवा, मग पूर्ण रेसवर इंजिन एकदम बंद करून प्लगचा रंग बघा. भाजक्या विटेसारखा तपकिरी असेल तर जेटला हात लावू नका. पांढराफटक असेल तरच एक नंबर मोठं जेट. फार जुन्या मॉडेलमध्ये मोठ्या जेटची सुई बाहेरून फिरवता येते, त्यांचं काम सोपं.

बदलायचं काय? टाकीपासून इंजिनपर्यंतची संपूर्ण नळी, फुगा, दोन्ही कनेक्टरच्या ओ-रिंगा, कव्हरच्या आतले छोटे तुकडे, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सुई-सीट. सगळं एकाच वेळी. आतले छोटे तुकडे सोडून दिले तर तेवढ्यांतूनही कण येत राहतात. नळी इथेनॉल सोसणारी मरीन नळीच घ्या. शेतीच्या फवाऱ्याची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी उन्हात काही आठवड्यांत कडक होते, तपासणीपुरती ठीक, कायमची नको. फुग्याच्या आणि पंपाच्या मध्ये एक छोटा फिल्टर टाका, म्हणजे पुढचा कण जेटपर्यंत जाण्याआधी डोळ्यांना दिसेल.

ऑइलचंही इथेच सांगतो. दुकानात टू-स्ट्रोक ऑइल मागितलं की स्कूटरचं 2टी मिळतं. ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू3 प्रतीचं ऑइल लागतं, ते मागवून घ्यावं लागलं तरी घ्या. चुकीच्या ऑइलची राख प्लगवर आणि रिंगांत बसते. प्रमाण इंजिनच्या पाटीवर बघा: 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर. आणखी जुन्या इंजिनांना 24 ला 1 लागतं, म्हणजे लिटरला 40 च्या वर.

उन्हाळ्यात टाकी उघड्या उन्हात ठेवू नका. तापलेल्या पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. टाकीवर ओलं पोतं टाकलं की हा त्रास कमी होतो; झाकणाचा हवेचा स्क्रू तेवढा पोत्याखाली गुदमरू देऊ नका.

गरम होऊन दम सोडणं

मागून पडणारी पाण्याची धार बघितली की लोकांचं समाधान होतं. धार पडतेय म्हणजे पंप चालतोय एवढंच कळतं. पाणी डोक्यापर्यंत पुरेसं पोचतंय हे त्यातून सिद्ध होत नाही. जोर गेल्यावर कव्हर काढा आणि सिलेंडर हेडवर पाण्याचे दोन थेंब सोडा. ते चर्र करून उडाले तर हेड 100 अंशांच्या वर आहे. लगेच बंद करा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर नीट आकडा मिळतो: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) असलेल्या इंजिनात 60 ते 70 च्या आसपास ठीक, 85-90 च्या पुढे गडबड. करोनात घेतलेला कपाळाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो अंगाच्या तापापुरताच मोजतो.

गरम होण्याची पहिली शंका जलपर्णीवर घ्या. खालच्या जाळीत तिची मुळं आणि शेवाळ अडकतं. इंजिन बंद करून वर उचललं आणि हाताने साफ केलं की झालं. दुसरी शंका इम्पेलरवर. हे पाण्याच्या पंपातलं रबरी चाक आहे, त्याच्या पात्या एका बाजूला वाकून तशाच कडक होतात. उजनी मायनसमध्ये असताना उथळ पाण्यात गाळ ओढला जातो आणि पात्यांबरोबर पंपाची बाहेरची वाटीही घासते. इम्पेलर नवा आणि वाटी जुनी ठेवली तर पंप पूर्ण दाब देत नाही. दोन्ही एकत्र बदला. इम्पेलर दोन वर्षांच्या पुढे ठेवू नये, वापर कमी असला तरी.

कोकणातून आलेल्या इंजिनांना आणखी एक दुखणं असतं. वर्षानुवर्षं समुद्राच्या पाण्यात चालल्याने आतल्या वाटांत मीठ आणि ॲल्युमिनियमच्या गंजाचे थर बसलेले असतात. थराचे पापुद्रे सुटून अरुंद जागी अडकतात. नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापत असेल तर हेडचं कव्हर आणि थर्मोस्टॅट काढून त्या वाटा खरवडून, तारेने, पाण्याच्या जोराने मोकळ्या करा. कव्हरचे बोल्ट गंजून चिकटलेले असतात. जोर लावून तोडू नका. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग हलक्या उष्णतेने सोडवा. थर्मोस्टॅट काढून टाकून तसंच चालवण्याचा उपाय मला मान्य नाही. स्लो रेसला इंजिन थंड राहून प्लग ऑइलने भरतात.

तापलेलं इंजिन दम सोडतंय म्हणून आणखी रेस देऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडतंय आणि तुम्ही रेस पिळताय, म्हणजे तापलेल्या पिस्टनला कोरडं पळवताय. पिस्टन धरतो तो असाच.

एक सिलेंडर बंद पडतंय का

दोनपैकी एक सिलेंडर बंद पडलं तर जोर निम्म्याहूनही कमी वाटतो, बोट पाण्यावर उचलत नाही आणि आवाज भकभक असा येतो. गरम झाल्यावर एक कॉइल दगा देणं हे जुन्या इंजिनांत नेहमीचं आहे: आतलं वेटोळं तापून तुटतं, थंड झालं की जुळतं. म्हणून गरम असतानाच बघायचं. इंजिन बंद करा, दोन्ही प्लग काढा, तारा स्पार्क टेस्टरला लावून दोरी ओढा. पॉइंटवाल्या इंजिनची ठिणगी 6 मिलिमीटरची, सीडीआयवाल्याची (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक पॅकवर ठिणगी देणाऱ्याची) साधारण 11 मिलिमीटरची फट ओलांडली पाहिजे, निळी आणि कडकडीत. आधी काढलेल्या प्लगच्या भोकांपासून टेस्टर दूर ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते. सीडीआय असेल तर तार मोकळी सोडून दोरी ओढू नका, पॅक जळतो.

एका बाजूची ठिणगी कमजोर निघाली तर दोन्ही कॉइलची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल, जागच्या जागी राहिला तर खालचा पॉइंट, कंडेन्सर किंवा वायर. पॉइंट मॅग्नेटच्या, म्हणजे दोरीने फिरणाऱ्या वरच्या जड चाकाच्या, खाली असतात. बऱ्याच जुन्या इव्हिनरूड-जॉन्सनमध्ये फट 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. मॅग्नेट पुलरनेच काढा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. आणि काढल्यावर शाफ्टवरची चावी, म्हणजे मॅग्नेटला जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा, बघा. ती अर्धवट कापली गेली असेल तर टायमिंग सरकलेलं असतं. इंजिन चालतं, जोर मात्र कधीच पूर्ण येत नाही.

या कामाला सोलापुरात माणसं आहेत. आरएक्स 100 च्या काळात हात घडलेले जुने दुचाकी मेकॅनिक पॉइंट, कंडेन्सर, कॉम्प्रेशन डोळे मिटून समजतात. पाण्याची बाजू तेवढी तुम्ही त्यांना समजावून द्या.

राहिलेल्या गोष्टी

रेस पूर्ण पिळल्यावर कार्बोरेटरची पाकळी खरोखर पूर्ण उघडते का, हे इंजिन बंद ठेवून डोळ्यांनी बघा. जुन्या इंजिनांत प्लास्टिकचे सांधे झिजून हँडल पूर्ण आणि पाकळी पाऊण अशी स्थिती असते. त्याच दांड्याने टायमिंगही पुढे जातं, तेही शेवटच्या अडणीपर्यंत जायला हवं.

कव्हर काढल्यावर इंजिन एकदम चांगलं पळत असेल तर आत एक्झॉस्टची गळती आहे आणि इंजिन आपलाच धूर पुन्हा ओढतंय. ही परीक्षा करताना उपरणं, सैल बाही, काहीही मॅग्नेटच्या जवळ येऊ देऊ नका.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मात्र सामानावर खर्च करण्याआधीच बघा. दोन्ही प्लग काढून, रेस पूर्ण उघडी ठेवून, गेजचा काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. आकडा मॉडेलनुसार बदलतो. दोन सिलेंडरांतला फरक जास्त बोलका: 10 टक्क्यांच्या आत असेल तर वर लिहिलेलं सगळं करण्यात अर्थ आहे. एका प्लगचं टोक धुतल्यासारखं लख्ख निघालं आणि त्याच बाजूचं कॉम्प्रेशन कमी असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी जातंय. गॅस्केट बदलून हेडचा पृष्ठभाग घासून सपाट केला की बहुतेक वेळा भागतं.

फरक 10 टक्क्यांहून मोठा असेल तर एक्झॉस्टचं कव्हर काढून पिस्टनवर ओरखडे आहेत का बघा. ओरखडे असतील तर बोर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकावा लागेल, आणि तो मिळेल का हे सिलेंडर कापायच्या आधी विचारा. इव्हिनरूड-जॉन्सन बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन 2000 साली दिवाळखोरीत गेली, नंतरच्या मालकांनी 2020 मध्ये इव्हिनरूडचं उत्पादनही थांबवलं. इम्पेलर, पडदे, पॉइंट, कॉइल अजून इतर कंपन्या बनवतात. पिस्टन आणि रिंगा मात्र मॉडेलवर अवलंबून आहेत, म्हणून पाटीवरचा मॉडेल नंबर पूर्ण लिहून घेऊन मुंबईच्या किंवा कोचीच्या दुकानदाराला आधी विचारा. पिस्टन हातात येईपर्यंत त्या इंजिनावर माणसं बसवून खोल पाण्यात जाऊ नका.